कारकुनाची बदली

मुलगा बोटीवर नोकरीला गेला तेव्हा घरात मागे दोन माणसं आणि तीन बेडूक राहिले. माणसांत एक त्याचे वडील आणि एक त्याची बायको. बेडकांत एक मादी आणि दोन नर. माणसांचं एकमेकांशी वाकडं नव्हतं, बेडकांचंही नव्हतं. पण बोलणं म्हणाल तर दोन्हीकडे बेताचंच.

वडिलांना सगळे आबा म्हणत. त्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत मोटारीशेजारी एकट्याने बसून काम करायचं, कान मोटारीकडे. त्यामुळे गप्पा म्हणजे कामात खोळंबा अशी त्यांची समजूत झाली होती, आणि निवृत्तीनंतर काम सुटलं तरी समजूत सुटली नाही. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत दिवसभर लोकांना "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" असं विचारून तिचा जबडा दुखायचा. घरी आल्यावर कुणाला काही विचारायची तिच्यात ताकद उरायची नाही.

मुलगा होता तोवर दोघं त्याच्यामार्फत बोलत. "तिला सांग, गिझर चालू राहिलाय." "आबांना विचार, पेपर वाचून झाला का." मुलगा गेला आणि मधलं टेलिफोन एक्स्चेंजच बंद पडलं. मग दोघांनी वाक्यातून माणसं काढून टाकली. "जेवण झालेलं आहे." "दूध आणायला हवं." "कडी लावलेली बरी." कोण, कुणाला, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. घर व्यवस्थित चालत होतं.

बेडूक हॉलच्या कोपऱ्यात राहत. उभी काचेची पेटी, आत फांद्या, रुंद पानांची रोपं, तळाला ओली माती, पाण्याचं पसरट भांडं. या कोपऱ्यात पूर्वी आबांची खुर्ची होती. ती दाराजवळ गेली. आबांनी तक्रार केली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एवढंच सांगत, "मी हल्ली इथे बसतो. तिथे बेडूक बसतात."

हे डबक्यातले बेडूक नव्हते. झाडावर राहणाऱ्या जातीचे होते. हिरवे, गुळगुळीत, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. त्या चकत्यांच्या जोरावर ते काचेला पोस्टाच्या तिकिटासारखे चिकटून बसत. नावं मुलाने ठेवली होती. मादी सगळ्यांत जाड, सगळ्यांत वरच्या फांदीवर बसून समोरच्याकडे अशी बघायची की जणू याचा अर्ज अपुरा आहे. ती मॅडम. एक नर दिवसभर काही करायचा नाही आणि दिवेलागणीला ओरडायचा. तो साहेब. आणि तिसरा, सगळ्यांत मागून आलेला, अर्ध्या अंगाचा, मिळेल त्या जागेवर अंग चोरून बसणारा, तो कारकून.

कारकुनाला आणायचं काही ठरलेलं नव्हतं. मुलगा बेडकांसाठी रातकिडे आणायला दुकानात गेला होता. तिथे एका डब्यात हा एकटाच बसलेला दिसला. "एकटा पडलाय हो बिचारा," मुलगा म्हणाला. दुकानदार म्हणाला, "लहान-मोठे एका पेटीत ठेवू नका." पण माणसाला दया आली की त्याला कमी ऐकू येतं. मुलगा कारकुनाला घेऊन आला, त्याला मॅडम आणि साहेबांच्या पेटीत सोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात बोटीवर रवाना झाला. जाताना बायकोला आणि वडिलांना एकच गोष्ट बजावून गेला: "कारकुनाकडे लक्ष ठेवा. नवीन आहे तो."

फोन आला की तो आधी हेच विचारायचा. "कारकून कसा आहे? जुळवून घेतोय ना?" बोटीवर इंजीनच्या विभागात हा सगळ्यांत धाकटा होता. जेवणाच्या टेबलावर बाकीचे आपसात त्यांच्या भाषेत बोलत आणि हा ताटाकडे बघत जेवायचा. हे त्याने कधी सांगितलं नाही. पण कारकून खातोय का, त्याला बसायला जागा देतात का, असं तो इतक्या वेळा विचारायचा की सुनेला न सांगता कळलं.

आबांना बेडकांत रस नव्हता. साहेबांना मात्र आबांमध्ये होता.

आबांना सकाळी उठल्यावर घसा खाकरायची सवय होती. साधं खाकरणं नव्हे. तीन मजले चढून आलेल्या माणसाने दार वाजवण्याऐवजी खाकरावं तसं. मुलगा जाऊन काही दिवस झाले असतील. आबा मोरीतून खाकरले आणि हॉलमधून उत्तर आलं. "क्रॉक." आबा थांबले. पुन्हा खाकरले. पुन्हा "क्रॉक." आबा टॉवेल खांद्यावर टाकून हॉलमध्ये आले आणि पेटीसमोर उभे राहिले. साहेबांनी गळा फुगवून त्यांच्याकडे बघितलं.

"बोलतोय," आबा म्हणाले. वाक्यात माणूस नव्हता, पण यातला कर्ता सुनेला लगेच कळला. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"मिक्सर लावला की पण बोलतो," ती म्हणाली.

"मिक्सर वेगळा. मी वेगळा," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून आबा खुर्ची थोडी थोडी पेटीकडे सरकवू लागले.

संध्याकाळी सून दुकानातून आली की चहा घेऊन पेटीसमोर बसायची. दिवे मालवून एक मंद दिवा ठेवला की बेडूक जागे व्हायचे. कारकुनाची बसायची आवडती जागा म्हणजे मॅडमचं डोकं. मॅडम मख्ख बसलेली आणि तिच्या टाळूवर हा, पोट टेकून, डोळे मिटून. सुनेने फोटो काढून दुकानातल्या सगळ्यांना दाखवला. "आईच्या डोक्यावर लेकरू," असं दुकानातल्या बायका म्हणाल्या. दुकानाचा मालकही "वा" म्हणाला, आणि तो कशालाच वा म्हणत नसे.

"तिला त्याचा लळा लागलाय," सून आबांना म्हणाली.

"लागला असेल," आबा म्हणाले. "हाकलत तर नाही."

मग एक दिवस साहेबांनी कारकुनाला मागून घट्ट मिठी मारली. मिठी सोडेनात. कारकून बारीक आवाजात चिर्र-चिर्र करू लागला. आबांनी मान दुसरीकडे वळवली. सुनेला आधी वाटलं, भाऊ-भाऊ आहेत, प्रेम उतू चाललंय. पण चिर्र-चिर्र थांबेना, तेव्हा तिने दोघांना डब्यात घातलं आणि ती आणि आबा बसमध्ये बसून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. लग्नाला काही वर्षं झाली होती; सासरा आणि सून दोघंच घराबाहेर पडले ते हे पहिल्यांदा. डबा आबांच्या मांडीवर होता.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सगळे कुत्रे होते. बाईंनी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. एव्हाना बसच्या धक्क्यांनी मिठी सुटली होती.

"प्रेम वगैरे काही नाही," बाई म्हणाल्या. "त्याला वाटलं ही मादी आहे. खालचा ओरडत होता, अरे सोड, मी नर आहे. तेवढंच बोलणं झालं त्यांचं."

"आणि तो मोठीच्या डोक्यावर बसतो ते?" सुनेने मोबाइल काढून फोटो दाखवला.

"तिथे ओलावा असेल. उंच जागाही आहे. डोकं आहे हे त्याला माहीत नसणार."

"म्हणजे लळा नाही?"

"बेडकाला लळा लागत नाही. एकमेकांची हरकत नसते, एवढंच. ते एका पेटीत राहतात ते हरकत नाही म्हणून राहतात."

आबा पुढे सरकले. आता त्यांनी घसा साफ केला. डब्यातून "क्रॉक" आलं.

"मी खाकरलो की हा उत्तर देतो," आबा म्हणाले. "रोज."

बाईंनी आबांकडे नीट बघितलं. "तो तुम्हाला शेजारच्या झाडावरचा नर समजतो. सांगतोय, ही जागा माझी आहे." मग त्यांनी डबा बंद केला. "पण या लहानग्याला आजच वेगळा करा. त्या मोठीच्या तोंडाचा घेर बघितलाय का तुम्ही?"

परतीच्या बसमध्ये आबांनी डबा पुन्हा मांडीवर घेतला.

"म्हणजे रोज सकाळी उठून मी भांडतोय," आबा म्हणाले.

सून खिडकीकडे तोंड करून हसायला लागली. हसू आवरेना तेव्हा तिने ओढणी तोंडावर धरली. आबा समोर बघत बसले होते. पण त्यांच्या मांडीवरचा डबा हलत होता आणि बस तर सिग्नलला उभी होती.

कारकुनाला वेगळं करायचं हे दोघांना पटलं होतं. पण कारकून मुलाचा. विचारल्याशिवाय कसं करणार? संध्याकाळी मुलाचा फोन आला, तेव्हा सुनेने विषय काढला. मुलगा एकदम कळवळला. "नको ना! परत एकटा पडेल तो. आत्ता कुठे रुळलाय. फोटोत बघ कसा बसलाय." आवाज फाटत होता, समुद्रावरून येणारा आवाज फाटतोच, की दुसरं काही होतं, ते सुनेला ठरवता आलं नाही. ती "बरं" म्हणाली. आबांनी पेटीकडे बघून मॅडमच्या तोंडाचा अंदाज घेतला.

त्याच आठवड्यात एका सकाळी आबा उठून हॉलमध्ये आले. खाकरायच्या बेतात होते. खाकरले नाहीत.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली.

सून धावत आली. धावली ती बेडकांसाठी नव्हे. आबांनी तिला 'अगं' म्हटलं, 'ये' म्हटलं, तेव्हा आबांनाच काहीतरी झालं असणार असं तिला वाटलं.

मॅडम वरच्या फांदीवर बसली होती. नेहमीपेक्षा गोल. चेहऱ्यावर तोच भाव, अर्ज अपुरा आहे. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक हिरवं बोट बाहेर आलं होतं, टोकाला चकती असलेलं. दोघं बघत असताना मॅडमने डोळे मिटले, आवंढा गिळला, आणि ते बोटही आत गेलं.

साहेब काचेला चिकटून बसले होते. त्यांची काही हरकत दिसली नाही.

सून खाली जमिनीवर बसली. आबांनी तिच्यासाठी पाणी आणलं, मग ते आपणच प्यायले, मग परत जाऊन तिच्यासाठी आणलं.

"त्याला आता फोनवर काय सांगायचं?" सून म्हणाली.

"सांगायचं नाही," आबा म्हणाले. "बोटीवर आहे तो. चारी बाजूंनी पाणी. असल्या ठिकाणी माणसाला असलं सांगू नये."

असं ठरलं. ठरवायला सोपं होतं, निभवायला कठीण गेलं. मुलाला व्हिडिओवर बेडूक बघायचे असत. पहिल्या वेळी सून म्हणाली, पानामागे बसलाय. दुसऱ्या वेळी म्हणाली, कात टाकतोय आणि तेव्हा त्याला कुणी बघितलेलं आवडत नाही. हे मुलाला पटलं. बेडूक कात टाकतो आणि आपली कात आपणच खातो, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी सून आंघोळीला गेली होती आणि फोन आबांनी उचलला.

"कारकून कुठाय?"

"बाहेर गेलाय," आबा म्हणाले.

"बाहेर म्हणजे?" पलीकडून आवाज आला. सून ओल्या केसांनी धावत आली आणि तिने फोन काढून घेतला. "बाहेर म्हणजे फांदीच्या बाहेरच्या अंगाला. तिथे कॅमेरा जात नाही."

फोन ठेवल्यावर ती आबांकडे वळली. "आबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"सवय नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना 'पाच मिनिटांत निघाल' एवढंच सांगायचो. तेवढंच काय ते."

मग आबांनीच मार्ग काढला. त्यांच्या खात्यात माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी बदली येत असे. रजेवरचा परत आलाच नाही तर बदलीच कायम होई आणि इमारतीतल्या लोकांना फरकही कळत नसे. दोघं बेडकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने मॅडमच्या डोक्यावर कारकून बसलेला तो फोटो बघितला आणि विचारलं, "लहानगा कुठाय?" दोघांनी खाली बघितलं. दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही. सगळ्यांत मोठा असेल तो बेडूक त्याने डब्यात घातला. "हिला कुणी गिळू शकणार नाही," तो म्हणाला.

नाव ठेवायचा प्रश्नच आला नाही. घरी येईपर्यंत दोघं तिला बदली म्हणू लागले होते.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की नवा जीव आणला की आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा; त्याचं दुखणं बाकीच्यांना लागायला नको. स्वयंपाकघरात मिक्सरचा हादरा, सुनेच्या खोलीत एसीची कोरडी हवा. राहिली आबांची खोली. बदलीचा प्लॅस्टिकचा डबा आबांच्या उशाशी, घड्याळ आणि औषधांच्या मध्ये ठेवला. सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा, चिमट्याने रातकिडा द्यायचा, भांड्यातलं पाणी बदलायचं. हात ओला केल्याशिवाय अंगाला लावायचा नाही. आबांनी हे सगळं बिनचूक केलं. सून दुकानातून आली की ते तिला अहवाल देत. "एक खाल्ला. दुसरा नको म्हणाली. डोळा स्वच्छ आहे." मग तिने आज किती जणांचे डोळे तपासले, कुणाचा नंबर वाढला, कोणत्या म्हाताऱ्याने अक्षरांचा तक्ताच पाठ करून ठेवला होता, हे ती सांगे. आबा त्यावर एखादी लिफ्टची गोष्ट सांगत. वाक्यात माणसं परत आली होती. कधी आली ते दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

बदली मोठ्या पेटीत गेली. मॅडमने तिच्याकडे बघितलं. साहेबांनी एकदा मिठी मारून पाहिली. बदलीने त्यांना पाठीवर घेऊन पेटीभर एक चक्कर मारली आणि काचेवर घासून काढून टाकलं. त्यानंतर तिघं एकाच कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसू लागले. तो कोपरा सगळ्यांत ओलसर होता.

पुढच्या फोनला सुनेने कॅमेरा सरळ पेटीवर धरला.

"हा कारकून?" मुलगा ओरडला. "केवढा झाला! मॅडमच्या बरोबरीचा!"

"खातो चांगला," आबा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज स्थिर होता.

"बघितलंत? मी म्हणत होतो ना! सोबत मिळाली की जीव धरतोच माणूस." मुलाने डोळे पुसले आणि पाठीमागे कुणीतरी त्याला हाक मारली. ती हाक त्याच्या नावाने मारलेली होती आणि मारणारा हसत होता. मुलगा घाईघाईने फोन ठेवून गेला.

सुनेने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. "आपण फार वाईट माणसं आहोत, आबा."

"वाईट नाही. अडकलोय," आबा म्हणाले. "दोन मजल्यांच्या मध्ये."

करार संपला आणि मुलगा घरी आला. दाढी वाढली होती, खांदे रुंद झाले होते. बॅग दारात टाकून तो आधी पेटीकडे गेला आणि गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला. त्याला काही संशय आला नाही. पण घरात मात्र त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आबांची खुर्ची पेटीशेजारी होती आणि तिच्या शेजारी सुनेची. कात्री नेहमीच्या जागी नव्हती. जेवताना सून म्हणाली, "आज तो तक्तावाला परत आला होता," आणि आबा हसून हसून ठसकले. मुलाने "कोण तक्तावाला?" विचारलं, तेव्हा दोघांनी एकदम सांगायला सुरुवात केली आणि सांगून झाल्यावर ते तितकंसं हसण्यासारखं वाटलं नाही.

काही दिवसांनी जेवणाच्या टेबलावर त्याने बातमी सांगितली. बंदराच्या गावी कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळत होती. बोटीवर जायला नको. दोन खोल्यांचं घरही मिळत होतं.

"दोन खोल्यांत आपण कसे मावणार?" सून म्हणाली.

"आपण दोघं आणि पेटी. आबांची सोय लावलीय मी. आत्याकडे." तो खुशीत होता. "आत्या एकटीच असते, आबा पण एकटेच. दोघांना सोबत होईल."

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. ती उठल्यापासून बोलायची आणि रेडिओ चालू ठेवून बोलायची. बहीण-भावांत प्रेम होतं. ते टिकण्याचं कारण असं की दोघांची घरं वेगळी होती. आबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"आबांना विचारलंस?" सून म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? त्यांच्या भल्याचंच आहे."

"मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? चष्मे तिथेही लागतातच लोकांना."

सुनेने हातातला चमचा ताटात ठेवला. "कारकून गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला? तो काय तिथे बसलाय."

"ती बदली आहे. मादी आहे. कारकुनाला मॅडमने खाल्लं. तू बोटीवर गेलास त्यानंतर थोड्याच दिवसांत."

मुलगा आबांकडे बघू लागला. आबांनी मान हलवली.

"दुकानदार नको म्हणाला होता," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. डोळे तपासताना असायचा तसाच होता. "डॉक्टर नको म्हणाल्या. तुला वाटलं, एकटा आहे, त्याला सोबत देऊ. नेऊन टाकलंस. जिच्याबरोबर टाकलंस तिचं तोंड केवढं आहे हे तू बघितलंच नाहीस. आता आबांना नेऊन टाकतोयस."

"आत्या खात नाही मला," आबा मध्ये पडले. "तसं नको म्हणू. पण डोकं खाईल."

कुणी हसलं नाही. मुलगा उठला आणि पेटीपाशी गेला. तिघं कोपऱ्यात एकमेकांवर रेलून बसले होते. तो एकेकाकडे बघत राहिला. त्यांच्यात कारकून नव्हता हे एकदा कळल्यावर आता स्पष्ट दिसत होतं.

"दुखलं असेल का त्याला?" तो तिकडे तोंड करूनच म्हणाला.

"मला नाही वाटत," आबा म्हणाले. "एका घासाचं काम होतं."

त्यांना वाटलं, याने बरं वाटेल. मुलगा मोरीत गेला आणि त्याने दार लावून नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया जात होतं, पण आबांनी हटकलं नाही. सुनेने ताटं उचलली. मग ती मोरीच्या दाराशी गेली, टेकून उभी राहिली, आणि एकदा हलकेच दारावर बोट वाजवलं. नळ बंद झाला. दार उघडायला मात्र आणखी थोडा वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आबांसमोर येऊन बसला. "तुम्हाला काय हवंय, आबा?"

आबांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. दुरुस्तीला गेले की लोक विचारत, किती वेळ लागेल. त्यांनी उत्तर द्यायला दोन दिवस मागून घेतले आणि ते दोन दिवस घरात इकडून तिकडे फिरत भिंती, दारं, खिडक्या तपासत होते. मग सांगितलं, "मला हेच घर बरं. बाकी तुमचं तुम्ही बघा." सुनेने सांगितलं की दुकानात आता डोळे तपासायची खोली तिच्या ताब्यात दिली आहे आणि ती सोडायची तिची इच्छा नाही. मुलाने दोघांचं ऐकून घेतलं. मध्येमध्ये त्याचं तोंड उघडायचं, पण ते परत मिटायचं.

राहता राहिली आत्या. बेत रद्द झाल्याचं कळवायला आबांनी स्वतः फोन केला. तिला वाईट वाटेल म्हणून प्रस्तावना बरीच लांबवली. आत्या पलीकडून म्हणाली, "सुटले बाई! चार दिवस झाले मला झोप नाही, तू सकाळी खाकरतोस त्या विचाराने. मला पण कुणी विचारलं नव्हतं रे." नंतर ती पाऊण तास बोलली.

मुलगा एकटाच बंदराच्या गावी नोकरीला गेला आणि दर शनिवारी ट्रेनने घरी येऊ लागला. सुरुवातीला तो पाहुण्यासारखा यायचा, काहीतरी खाऊ घेऊन, आणि सोफ्याच्या कडेवर बसायचा. त्याच्यासाठी तिसरी खुर्ची पेटीपुढे आणायला हवी हे सुनेला दोन-तीन शनिवार गेल्यावर सुचलं. बदलीशी त्याचं जमायला वेळ लागला. तिच्याकडे तो आधी बघतच नसे. मग एकदा आबा म्हणाले, "तिचा काय दोष त्यात? ती तर नंतर आली," आणि त्यानंतर त्याने तिला चिमट्याने पहिला रातकिडा दिला. तिने तो घेतला. त्याच्याबरोबर चिमट्याचं टोकही घेतलं आणि ते सोडवायला त्याला आणि आबांना दोघांनाही हात लावावा लागला.

अशाच एका शनिवारी तो रातकिड्यांचा डबा उघडत असताना एक रातकिडा उडी मारून बाहेर पडला. तिघंही खाली वाकले. मुलगा सोफ्याखाली शिरला, सून टॉर्च घेऊन पोटावर झोपली, आबा गुडघे दुखतात म्हणून उभ्यानेच सूचना देत राहिले. "डावीकडे गेला. नाही, तिकडे नाही, माझ्या डावीकडे." रातकिडा भिंतीलगतच्या मोठ्या कपाटामागे गेला आणि तिथून किरकिरू लागला. कपाट हलवायचं तर आतलं सगळं सामान काढावं लागणार होतं. मुलगा म्हणाला, सोमवारच्या आत बघू. सून म्हणाली, जेवण गार होतंय. पेटीतले तिघं आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले होते.

सोमवारी मुलगा कामावर गेला. रातकिडा पुढे बरेच दिवस किरकिरत होता. त्याची सवय झाली, आणि मग एक दिवस तो गप्प झालाय हे कुणाच्यातरी लक्षात आलं. कपाट कुणी हलवलं नाही.